गादीचा मान: फॅरोंवरच्या प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२६

वाचनालयाच्या उन्हाळी प्रदर्शनाचा विषय अखेर ठरला: प्राचीन इजिप्तचे फॅरो, म्हणजे तिथले राजे. बारा फलक, प्रत्येकी तीन फूट बाय दोन फूट, सनबोर्डवर. मजकूर माझा, चित्रे चित्रकार मैत्रिणीची, छपाईचा खर्च वाचनालयाचा. कार्यवाह अण्णांची अपेक्षा अगदी स्पष्ट आहे: ममी, सोने, शाप. म्हटले, "अण्णा, तिन्ही येतील, पण तिघांना मिळून एकच फलक." ते नुसते हसले. म्हणजे मान्य नाही.

माझ्या डोक्यात वेगळेच घोळते आहे. इ.स.पू. ३१०० च्या सुमारास होऊन गेलेल्या, पहिला फॅरो मानल्या जाणाऱ्या नार्मेरपासून थेट रोमन सम्राटांपर्यंत, तीन हजारांहून अधिक वर्षे हे एक पद टिकले. घराणी बदलली, राजधान्या हलल्या, मधे मधे देशाचे तुकडे झाले, परके येऊन बसले. भिंतीवर कोरलेला राजा मात्र तसाच राहिला: एका हातात उगारलेली गदा, दुसऱ्या मुठीत गुडघे टेकलेल्या शत्रूचे केस. नार्मेरच्या पाटीवर हेच दृश्य आहे आणि रोमन काळातल्या देवळांवरही तेच.

मान गादीला असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तेव्हा धागा हा: गादीवर बसणाऱ्याचे काम काय होते, प्रत्यक्षात ते कोण करत होते, आणि ते काम थांबल्यावर गादीचे काय झाले.

११ जानेवारी

फलक २, खुफू. गिझाचा मोठा पिरॅमिड मूळचा सुमारे १४६ मीटर उंच; अंदाजे २३ लाख दगड. आणि ज्याच्यासाठी एवढे सगळे, त्याचा खात्रीने ओळखता येणारा एकमेव अखंड पुतळा हस्तिदंताचा, साडेसात सेंटिमीटरचा! पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना १९०३ साली ॲबिडॉसला तो आधी मुंडक्याविना मिळाला. मग उपसलेली माती चाळून चाळून मुंडके शोधून काढले. मैत्रिणीला सांगून ठेवले आहे की पुतळा खऱ्या मापाचाच काढायचा, फलकाच्या मधोमध, बाकी जागा मोकळी. पिरॅमिडचे चित्र नको. तो सगळ्यांनी पाहिलेला आहे.

या फलकाचा खरा नायक मात्र मेरेर. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी, वादी अल-जर्फ इथे, पिएर ताले यांच्या पथकाला लिहिलेले पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेले कागद, सापडले. मजकूर असलेले याहून जुने पपायरस आजवर मिळालेले नाहीत. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. हाताखाली चाळीसेक माणसे. काम असे की नाईलच्या पूर्वेकडच्या तुरा इथल्या खाणीतला पांढरा चुनखडी दगड नावेत भरायचा आणि गिझाला पोचवायचा. पिरॅमिडवर बाहेरून चढवायचा दगड हाच. नोंदींचा नमुना: दिवसभर दगड भरले, मुक्काम तुरा. नाव निघाली, मुक्काम खुफूच्या तलावापाशी. गिझाला पोचलो. परत फिरलो. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. शिध्याचा हिशेब वेगळा. वरचे साहेब म्हणून आंखहाफचे नाव येते. तो खुफूचा सावत्र भाऊ.

खुफूचे नाव येते ते बहुतेक ठिकाणांच्या नावांतून. देव, आत्मा, चिरंतन जीवन असले काही मुकादमाला लिहायचे नव्हते. त्याला खेपा लिहायच्या होत्या. पिरॅमिड म्हणजे काय हे मला आजवर वाचलेल्या कुठल्याही वर्णनापेक्षा या खेपांवरून अधिक कळले. राजाच्या एका थडग्यापायी खाण, कालवा, बंदर, धान्याची कोठारे आणि लेखनिक ही सगळी साखळी उभी करावी लागली, आणि थडगे पुरे झाले तरी साखळी उरली. राज्य म्हणतात ते हेच असावे.

"गुलामांनी चाबकाखाली बांधले" हे फलकावर येणार नाही. कामगारांची दफनभूमी गिझालाच, पिरॅमिडांच्या जवळ, १९९० साली सापडली आहे. त्यातल्या सांगाड्यांवर मोडून नीट जुळलेली हाडे दिसतात. म्हणजे कोणीतरी उपचार करत होते. काम सक्तीचे नव्हते असेही मी म्हणणार नाही. वेठ होतीच, पण शिध्यासह.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. तिळगूळ द्यायला आलेल्या ग्रंथपाल बाईंनी दारातच विचारले, "अहो, पण हा फॅरो रोज सकाळी उठून नेमके करायचा काय?" फलक ३ चे शीर्षक मिळाले.

१७ जानेवारी

तर, करायचा काय? कागदोपत्री सगळेच. देवळाच्या भिंती पाहिल्या तर देवासमोर उभा असतो तो फक्त राजा. धूप तो दाखवतो, नैवेद्य तो ठेवतो, डोक्यात पीस खोवलेली चिमुकली माआत देवी हातावर घेऊन तीही देवाला तोच अर्पण करतो. माआत म्हणजे जगाची घडी, न्याय, खरेपणा, सगळे एकत्र. ती घडी विस्कटू न देणे हीच राजाची नोकरी. प्रत्यक्षात देशभरच्या देवळांत एकाच सकाळी एकच माणूस कसा असणार? पुजारी राजाच्या वतीने सगळे उरकत: गाभारा उघडायचा, देवाला उठवायचे, तेल-सुगंध लावायचे, वस्त्रे चढवायची, खाऊ घालायचे. पंढरपूरचे नित्योपचार माहीत असलेल्याला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की कोरताना पुजाऱ्याच्या जागी राजाच कोरायचा.

दुसरे काम पाण्याचे. पालेर्मो शिळा म्हणून एक काळा दगडी तुकडा सिसिलीत आहे. त्यावर सुरुवातीच्या राजांची वर्षवार बखर कोरलेली आहे. रकाना वर्षाचा, त्यात त्या वर्षी काय घडले, आणि खाली नाईलचा पूर किती चढला ते हात, वीत, बोटे अशा मापांत. गुरांची शिरगणतीही आहे, साधारण दर दोन वर्षांनी. वर्षे ओळखायची तीही या गणतीवरून. पाणी किती चढले त्यावर पीक, पिकावर सारा, साऱ्यावर बाकी सगळे.

आणि पूर आला नाही तर? प्राचीन राज्य म्हणतात तो काळ इ.स.पू. २२०० च्या आसपास विस्कटला, त्यात कोरड्या वर्षांचा हात होता असे बरेच अभ्यासक मानतात. त्यानंतरच्या आंख्तिफी नावाच्या सुभेदाराचे थडगे मोआल्ला इथे आहे. भुकेल्याला मी भाकरी दिली, उघड्याला मी वस्त्र दिले, असे तो भिंतीभर सांगतो. राजाचा उल्लेख ओझरता, आणि तोही पुराच्या संदर्भात. राजाचे काम सुभेदाराने स्वतःच्या नावावर लिहून घेतले. फलकाच्या तळाशी हे हवेच.

२४ जानेवारी

मुलांच्या उंचीवर लावायचा फलक ४. पेपी दुसरा लहानपणीच गादीवर बसला. दक्षिणेच्या मोहिमेवरून हर्खुफ नावाचा अधिकारी नाचणारा एक बुटका माणूस घेऊन येतोय हे कळल्यावर या बालराजाने पत्र धाडले: ताबडतोब घेऊन ये, नावेत त्याच्या दोन्ही बाजूंना भरवशाची माणसे ठेव, पाण्यात पडेल, रात्री दहा वेळा उठून बघ. हर्खुफला या पत्राचा इतका अभिमान की अस्वानजवळच्या आपल्या थडग्याच्या दर्शनी भागावर ते कोरून घेतले. माणूस म्हणून ज्याला ओळखता येते असा फॅरो मला तरी हाच पहिला भेटला. त्या बुटक्याचे काय झाले, त्याला यायचे होते का, हे कोणी कोरलेले नाही.

१ फेब्रुवारी

फलक ५ आणि ६ शेजारी लावायचे आहेत, म्हणून एकत्र लिहिले.

५: सेद उत्सव. साधारण तीस वर्षे राज्य झाले की राजाने नव्याने आपला दम दाखवायचा, ठरलेल्या खुणांमधून धावायचे. सक्कारात जोसेरच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडच्या आवारात या उत्सवाचे दगडी अंगण अजून आहे, आणि पिरॅमिडखालच्या भुयारात धावणारा जोसेर कोरलेला आहे. थकलेला राजा चालत नाही, कारण तो थकला तर देश थकला. रामसेस दुसऱ्याने ६६ वर्षांच्या राजवटीत असे डझनभराहून अधिक उत्सव केले. शेवटी शेवटी नव्वदीच्या घरातला म्हातारा कसा धावला असेल कोण जाणे.

६: संप. रामसेस तिसऱ्याचे २९ वे वर्ष, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास. राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे कारागीर देर अल-मदिना या वस्तीत राहत. पगार धान्यात: साध्या कारागिराला महिन्याला चार पोती एमर गहू आणि दीड पोते जव. एमर म्हणजे आपला खपली. सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला या पगाराचा अंदाज लगेच येईल, म्हणून फलकावर 'खपली' असेच लिहिते आहे. तर हे धान्य येईना. कारागीर हत्यारे टाकून निघाले आणि थुतमोस तिसऱ्याच्या देवळामागे जाऊन बसले. समजूत काढायला आलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितले की भूक आणि तहान आम्हाला इथे घेऊन आली. कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. हे राजाला कळवा. आमेननख्त नावाच्या लेखनिकाच्या हाताने हे सगळे टिपले गेले. तो पपायरस तुरिनच्या संग्रहालयात आहे. जगातला नोंद असलेला पहिला संप म्हणून तो प्रसिद्ध आहे.

मला त्यातली एक बारीक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्याच सुमारास वजीर दक्षिणेत आला होता, पण वस्तीवर फिरकला नाही. निरोप धाडून परत उत्तरेला गेला. कारण तो आला होता सेद उत्सवासाठी देवांच्या मूर्ती न्यायला. राजाचा दम दाखवण्याची तयारी जोरात चालू, आणि राजाचे थडगे खोदणारे उपाशी. दोन फलक शेजारी लावण्याचे कारण हेच. फलकावर ते सांगायची गरज नाही, लोक बघतील.

पण कारागिरांनी गादीविरुद्ध काही म्हटले नाही, हेही लिहायला हवे. राजाने आपले काम करावे, एवढेच त्यांचे म्हणणे. पुढे हा रामसेस अंतःपुरातल्या कटाला बळी पडला. कटवाल्यांच्या खटल्याचा पपायरस आहे, आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनमध्ये ममीच्या गळ्यावर खोल वार दिसला. गादीवर पुढचा बसला. रामसेस चौथा.

८ फेब्रुवारी

नावे, फलक ७. या फलकासाठी सगळ्यात जास्त जागा मागितली आहे.

ॲबिडॉसला सेती पहिल्याच्या देवळात एक भिंत आहे. सेती उभा, पुढ्यात त्याचा मुलगा, लहानगा रामसेस (पुढचा रामसेस दुसरा) हातात पपायरस धरून वाचतोय, आणि समोर ओळीने पूर्वजांची ७६ नावे, प्रत्येक नाव लांबट वेटोळ्यात. पूर्वजांना नैवेद्य द्यायचा तर यादी हवी. ही ती यादी. तिच्यात आमेनहोतेप तिसऱ्यानंतर थेट होरेमहेब येतो. मधले, जुने देव बाजूला सारणारा आखेनातेन आणि त्याच्या पाठचे स्मेंखकरे, तुतनखामुन, आय गळाले. त्याआधीची हातशेप्सुतही नाही. गाळणे म्हणजे नुसती निंदा नव्हे. ज्याचे नाव नाही त्याला नैवेद्य नाही, म्हणजे मेल्यानंतरची उपासमार.

हिशेबातही तेच. रामसेस दुसऱ्याच्या काळातल्या मोसे नावाच्या माणसाच्या थडग्यात जमिनीच्या वादाची हकिगत कोरलेली आहे. त्यात होरेमहेबचे ५९ वे वर्ष असा उल्लेख येतो. होरेमहेबने एवढे राज्य केलेच नाही; मधल्या नकोशा राजांची वर्षे त्याच्या खात्यावर जमा केलेली दिसतात. आखेनातेनचे नाव घ्यायची वेळ आलीच तर 'आखेतातेनचा शत्रू' म्हणायचे; आखेतातेन ही त्याची राजधानी. जमिनीचा दावा चालवायला जुनी वर्षे लागतात, पण राजा नको. कारकुनी इतकी थंड असू शकते.

हातशेप्सुतचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. इ.स.पू. १४७९ ते १४५८ च्या सुमारास तिने राज्य केले, आधी लहान सावत्र मुलगा थुतमोस तिसरा याच्या वतीने, मग स्वतः राजा म्हणून. पुंत देशाकडे जहाजे पाठवली, देर अल-बहरीचे देऊळ बांधले, कार्नाकला तीसेक मीटर उंच ओबेलिस्क, म्हणजे टोकदार दगडी स्तंभ, उभे केले. त्यातला एक आजही उभा आहे. चित्रांत दाढी लावलेला राजा, मजकुरात मात्र बरेचदा स्त्रीलिंगी रूपे. तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, थुतमोसच्या राजवटीच्या उत्तरार्धात तिची नावे खरवडली गेली. सूड म्हणावा तर एवढा उशीर का? आणि राणी म्हणून असलेल्या तिच्या प्रतिमांना फारसा हात लागलेला नाही. पुसली ती राजा म्हणून असलेली हातशेप्सुत. गादीच्या यादीत बाई बसत नव्हती, असाच याचा अर्थ मी लावते. २०२५ साली आलेल्या एका अभ्यासात तर म्हटले आहे की तिचे बरेच पुतळे मान, कंबर, गुडघे इथे ठरावीक पद्धतीने तोडले आहेत, आणि मृत राजांच्या पुतळ्यांतली शक्ती उतरवण्याची ती रीतच होती; इतर राजांचेही पुतळे असेच तोडलेले मिळतात. "सावत्र मुलाचा सूड" ही गोष्ट रंगतदार खरी, पण ती फलकावर घेणार नाही.

१५ फेब्रुवारी

अण्णांशी बैठक. तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा पहिल्या फलकावर हवा, असा आग्रह. वाद घातला, थोडा वर चढलेल्या आवाजात. तडजोड: तुतनखामुन फलक ८ वर, पण मुखवटा प्रवेशद्वाराच्या भित्तिपत्रकावर. चालेल.

या फलकाचा मुद्दा नावांच्याच ओघात येतो. यादीतून गळालेल्या या पोरसवदा राजाचे थडगे विस्मरणात गेले. वर रामसेस सहाव्याच्या थडग्याचा राडारोडा आणि कामगारांच्या झोपड्या आल्या. म्हणून ते बऱ्याच अंशी शाबूत राहिले आणि ४ नोव्हेंबर १९२२ ला पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांच्या माणसांना पहिली पायरी लागली. पाच हजारांवर वस्तू निघाल्या. ज्यांची नावे ७६ जणांत दिमाखाने आहेत, त्यांची थडगी केव्हाच लुटली गेली होती.

शाप दोन ओळींत: उत्खननाचा खर्च उचलणारे लॉर्ड कार्नार्व्हन ५ एप्रिल १९२३ ला वारले, डास चावलेली जागा चिघळून. थडगे उघडणारे कार्टर १९३९ पर्यंत जगले. संपले.

२२ फेब्रुवारी

परके. फलक ९ आणि १०.

पिये, नुबियाचा, आजच्या सुदानमधला. इ.स.पू. ७३० च्या आसपास त्याने उत्तरेवर स्वारी केली आणि विजयाचा शिलालेख गेबेल बरकलला उभारला. इजिप्शियन राजांहून हा अधिक सोवळा. शरण आलेल्या राजांपैकी जे मासे खात त्यांना त्याने वाड्यात पाऊल टाकू दिले नाही. एकट्या निमलोतला आत घेतले, कारण तो मासे खात नव्हता. आमच्या कोकणातल्या मंडळींना पियेच्या दरबारात दारातच थांबावे लागले असते. पण याच निमलोतच्या शहरात शिरल्यावर पिये आधी तबेल्यात गेला, वेढ्यात उपाशी राहिलेले घोडे पाहून भडकला आणि म्हणाला की तुझ्या बाकीच्या सगळ्या अपराधांपेक्षा हे मला जास्त लागले. मैत्रीण म्हणते चित्र घोड्यांचेच काढणार.

पर्शियाच्या कॅम्बायसीसने इ.स.पू. ५२५ मध्ये देश जिंकला. उजाहोर्रेस्नेत हा वैद्य आणि पूर्वीच्या राजाचा आरमारी अधिकारी. जेत्याच्या पदरी राहून त्याने त्याला फॅरोचे रीतसर नाव तयार करून दिले आणि साइस शहरातल्या देवळात घुसलेले परके बाहेर काढायला लावले. हे तो स्वतःच्या पुतळ्यावर सांगतो. फितूर म्हणायचे की गादी वाचवणारा? मी दोन्ही बाजू न देता फक्त त्याने काय केले ते लिहिले आहे.

मग अलेक्झांडर, लक्झरच्या देवळाच्या आतल्या गाभाऱ्यात तो आमून देवासमोर फॅरोच्या वेशात कोरलेला आहे. मग त्याच्या सेनापतीपासून सुरू झालेले टॉलेमी घराणे. रोझेटा शिळा आपल्याला लिपीच्या कोड्यासाठी माहीत आहे, पण तिच्यावरचा मजकूर आहे इ.स.पू. १९६ चा पुजाऱ्यांचा ठराव: तरुण टॉलेमी पाचव्याने देवळांना करात सवलती दिल्या, म्हणून देवळोदेवळी त्याचे पुतळे आणि पूजा. देवाणघेवाण उघड आहे.

शेवटी रोमन सम्राट ऑगस्टस. एपिस हा देव मानलेला बैल पाहायला चला म्हटल्यावर, मला देवांची पूजा करायची सवय आहे, गुरांची नाही, असे तो म्हणाल्याचे इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो. तरी डेंडूरच्या देवळावर हाच ऑगस्टस फॅरोच्या वेशात देवांना नैवेद्य देताना कोरलेला आहे. ते देऊळ आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभे आहे. राजाने यायचे नाही, पाहायचे नाही, मानायचेही नाही. भिंतीवर मात्र तो हवा. गादीवर माणूस नसला तरी काही काळ चालते, याचा याहून स्वच्छ पुरावा मला मिळालेला नाही. पण काही काळच. देवळांचा पैसा आटला, ख्रिस्ती धर्म आला. एस्नाच्या देवळात डेसियस या रोमन सम्राटाचे नाव वेटोळ्यात कोरले गेले ते इ.स. २५० च्या सुमारास. चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख फिले बेटावर २४ ऑगस्ट ३९४ चा, आणि तो एका पुजाऱ्याचा.

५ मार्च

वारसा, फलक ११. इथे मजकूर आवरता आवरेना.

इजिप्तमध्ये फॅरो हा एकाच वेळी अभिमान आणि शिवी आहे. कुराणातला फिरऔन म्हणजे मूसाला छळणारा उन्मत्त राजा. ६ ऑक्टोबर १९८१ ला अन्वर सादात यांच्यावर गोळ्या झाडणारा लष्करी अधिकारी ओरडला तो "मी फॅरोला मारले" असेच. आणि दुसरीकडे, ब्रिटिशांविरुद्धच्या चळवळीनंतर राष्ट्राचे प्रतीक शोधताना शिल्पकार महमूद मुख्तार यांनी स्फिंक्सशेजारी बुरखा बाजूला सारणारी शेतकरी बाई उभी केली. १९२८ मध्ये कैरोच्या रेल्वे स्थानकासमोर तिचे अनावरण झाले. १९५५ मध्ये तिला विद्यापीठासमोर हलवले आणि तिच्या जागी मेम्फिसहून रामसेस दुसऱ्याचा प्रचंड पुतळा आणून बसवला. राजेशाही नुकतीच उलथवलेल्या प्रजासत्ताकाने राजधानीच्या चौकात राजा आणून ठेवला! २००६ मध्ये धूर आणि कंपनांपासून वाचवायला तो तिथून काढला. आता ग्रँड इजिप्शियन म्युझियमच्या प्रवेशदालनात आहे, ८३ टनांचा. त्या संग्रहालयाचे रीतसर उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ ला झाले.

३ एप्रिल २०२१ ची मिरवणूकही घेतली आहे: १८ राजे आणि ४ राण्यांच्या ममी कैरोच्या रस्त्यांवरून नव्या संग्रहालयात गेल्या, २१ तोफांची सलामी, दारात राष्ट्राध्यक्ष. १९७६ मध्ये बुरशीवरच्या उपचारांसाठी पॅरिसला गेलेल्या रामसेस दुसऱ्यालाही विमानतळावर लष्करी मानवंदना मिळाली होती. (व्हॉट्सॲपवर फिरणारे त्याच्या पासपोर्टचे चित्र अलीकडे कोणीतरी बनवलेले आहे. अण्णांनीच पाठवले होते, छापा म्हणून.)

१२ मार्च

मुद्रिते तपासली. रामसेस, रॅमसिस, रामेसेस असे तीन प्रकार झाले होते. सगळीकडे 'रामसेस' केले. फलक ७ मधून चार ओळी काढाव्या लागल्या, पण मोसेचे ५९ वे वर्ष ठेवले. अण्णांना फलक ६ आवडला. त्यांनी गिरणीत नोकरी केली आहे; पोत्यांचा हिशेब दोनदा वाचला आणि विचारले, शेवटी धान्य मिळाले का? मिळाले, थोडे थोडे, पुन्हा थकले, पुन्हा बसले. ही ओळ फलकात नव्हती, ती घातली.

फलक १२ वर मजकूर नाही. ॲबिडॉसच्या भिंतीचे छायाचित्र, ७६ नावे वाचता येतील एवढे मोठे, आणि गळालेल्यांची पाच नावे खाली वेगळ्या पट्टीवर. घोड्यांचे चित्र उद्या येणार आहे. ते आले की फाइल छपाईला.